खाडिलकरांच्या गावातून तुर्कस्तान वाचताना

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे निघाले की व्यापाऱ्यांच्या बोलण्यात एका दूरच्या देशाचे नाव हमखास येते. तुर्कस्तानात यंदा माल किती निघाला, तिकडे पाऊस लागला का, तिकडचा भाव काय फुटला. एप्रिल २०२५ मध्ये तिथे अवेळी हिमदव पडले, द्राक्षांपासून जर्दाळूपर्यंतच्या बागा होरपळल्या, आणि ही बातमी आमच्या जिल्ह्यातल्या बेदाणा उत्पादकाला दिल्लीतल्या कितीतरी बातम्यांपेक्षा महत्त्वाची वाटली. तशी ती होतीच. जगाच्या बेदाणा बाजारात तुर्कस्तान मोठा विक्रेता आहे, आणि आपल्याकडे ज्याला थॉमसन सीडलेस म्हणतात ते वाण म्हणजे तिकडची ‘सुल्तानिये’च. तासगावच्या मातीत त्याच थॉमसनमधून निवडून काढलेल्या वाणाला आपण ‘तास-ए-गणेश’ म्हटले. म्हणजे तुर्कस्तानातल्या इझमीर-मनिसाकडचा वेल आणि आमच्या मांडवावरचा वेल हे एकाच कुळातले.

पुढच्याच महिन्यात तेच नाव वेगळ्या सुरात ऐकू आले. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले, ‘सेलेबी’ या तुर्की कंपनीची आपल्या विमानतळांवरील सेवांसाठीची सुरक्षा परवानगी केंद्राने काढून घेतली. तो राग समजण्यासारखा होता. संकटाच्या वेळी कोण कुणाच्या बाजूला उभे राहिले, हे लोक विसरत नाहीत.

पण या दोन्हींच्या आधी, १९ मार्च २०२५ रोजी, तिसरी एक बातमी घडून गेली होती. इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामओलू यांना पहाटे ताब्यात घेण्यात आले. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांना निवडणुकीत आव्हान देऊ शकेल असा हा नेता. लाखो लोक रस्त्यावर उतरले. निदर्शनांचे वार्तांकन करणारे पत्रकार पकडले गेले, बीबीसीच्या वार्ताहराला देशाबाहेर काढण्यात आले, विरोधी सुराच्या ‘सोझ्जू’ वाहिनीला दहा दिवस प्रक्षेपण बंद ठेवण्याची शिक्षा झाली. ही बातमी आमच्याकडे आली ती आतल्या पानावरच्या चार ओळींत.

भाव कळला, राग आला. तिथला माणूस मात्र कळला नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या माणसाविषयी आहे, आणि त्याच्या आरशात दिसणाऱ्या आपल्याविषयीही. माझे म्हणणे थोडक्यात असे: जे वृत्तपत्र घरातल्या सत्तेला प्रश्न विचारू शकत नाही, ते परदेशाबद्दलही खरे सांगू शकत नाही. घरची बातमी आणि परक्याची बातमी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. एक टोक कुणी आवळले की दुसरे आपोआप ताणले जाते.

*

सांगलीला तुर्कस्तान नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो आमच्या घरात शिरला होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या खेड्यांतून पलटणीत भरती झालेली पोरे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्की फौजांसमोर उभी होती. सहाव्या पुणे डिव्हिजनला ७ डिसेंबर १९१५ पासून कुट-अल-अमारा इथे वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात अडकल्या. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार सैनिक शरण आले, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी होते. तिथून वाळवंटातली पायपीट, उपासमार, आणि जे जगले त्यांच्या नशिबी रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या मार्गावरची वेठ. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. ज्यांची पोरे तिकडे होती त्या घरांना तुर्कस्तान ही परराष्ट्र पानावरची बातमी नव्हती. ती दारातली बातमी होती.

त्या काळात मराठी वाचकाला हे युद्ध समजावून सांगणारा माणूस सांगलीचा होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ चा, सांगलीतला. आपण त्यांना ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांचे नाटककार म्हणून ओळखतो, सांगलीच्या नाट्यपरंपरेत त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण त्यांचे अर्धे आयुष्य वृत्तपत्रात गेले. टिळकांच्या ‘केसरी’त ते घडले, १९०८ मध्ये टिळक तुरुंगात गेल्यावर काही काळ संपादकीय जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९१४ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या ‘चित्रमय जगत्’ मासिकातून महायुद्धावर लेखमाला लिहिली. रणभूमी कुठे आहे, कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर कोण उभे आहे, या चढाईमागे हिशेब काय, हे त्यांनी युरोप कधीही न पाहिलेल्या वाचकासाठी मराठीत मांडले.

ही लेखमाला लिहिणे किती कठीण होते याचा विचार करावा. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली जामीन मागण्याची आणि जप्त करण्याची तलवार छापखान्यावर टांगलेली होती, १९१५ मध्ये भारत संरक्षण कायद्याची भर पडली. बातमी येणार ती तारांतून, इंग्रजी चाळणीतून गाळून. संपादकाकडे वार्ताहर नाही, फोन नाही, दुसरी बाजू विचारायची सोय नाही. होता तो नकाशा, इतिहासाचे वाचन आणि दोन तारांमधली विसंगती हेरणारी नजर. त्याच खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक सरकारने १९१० मध्ये बंद केले होते, कारण विराटाच्या दरबारातला कीचक कोण हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. घरचे सत्य घरच्या नावाने बोलता येत नाही तेव्हा लेखक दूरच्या कथेचा आधार घेतो, हे या माणसाला पुरते ठाऊक होते. साम्राज्ये कशी लढतात आणि कुठे दमतात हे त्याने महायुद्धाच्या निमित्ताने वाचकाला दाखवले. आपण कोणत्या साम्राज्याखाली आहोत हे वाचकाला वेगळे सांगायला नको होते.

पुढे १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ काढला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला तुर्की प्रजासत्ताक जन्मले. १९२९ मध्ये खाडिलकरांना राजद्रोहाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. परदेशाच्या युद्धावर चार वर्षे लिहिणारा संपादक तुरुंगात गेला तो घरच्या लेखनामुळे. हा योगायोग नव्हे. ज्याला दूरचे स्पष्ट दिसते त्याला जवळचेही दिसते, आणि सत्तेला त्या जवळच्या नजरेची भीती वाटते.

*

तुर्की आणि मराठी वृत्तपत्रांच्या कुंडल्या शेजारी ठेवल्या तर नवल वाटते. तुर्की भाषेतले पहिले वृत्तपत्र ‘तक्वीम-ए-वकाई’ १ नोव्हेंबर १८३१ रोजी निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी. अंतर अवघे दोन महिन्यांचे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा: ‘तक्वीम’ सुलतानाच्या हुकमाने निघालेले सरकारी पत्र होते, तर ‘दर्पण’ विशीतल्या एका तरुण विद्वानाने लोकशिक्षणासाठी काढलेले. तिथे स्वतःची मते मांडणारे खासगी तुर्की पत्र रुजायला १८६० साल उजाडावे लागले.

दुसरी जुळणी जुलै १९०८ ची. २२ जुलैच्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, आणि पुढे त्यांना मंडालेला नेण्यात आले. शिक्षेनंतर दोनच दिवसांनी, २४ जुलैला, तुर्कस्तानात सुलतान अब्दुल हमीदला राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली. त्या रात्री इस्तंबूलच्या पत्रकारांनी मजकूर तपासायला आलेल्या सेन्सॉर अधिकाऱ्यांना दारातून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तीस वर्षांत प्रथमच, कुणाच्याही परवानगीविना वर्तमानपत्रे बाहेर पडली. आजही तुर्कस्तानात २४ जुलै हा पत्रकारांचा दिवस मानला जातो. एका शहरात संपादक तुरुंगात जात होता, दुसऱ्यात संपादक सेन्सॉरला घालवून देत होते.

पण स्वातंत्र्याची ती सकाळ टिकली नाही. प्रजासत्ताक आल्यावर दोन वर्षांतच, मार्च १९२५ मध्ये, सुव्यवस्थेच्या नावाखाली कायदा झाला आणि अनेक पत्रे बंद पडली. १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष केमाल पाशांनी अरबी लिपी मोडीत काढून रोमन लिपी आणली, आणि १ डिसेंबरपासून वृत्तपत्रे नव्या लिपीतच छापणे सक्तीचे झाले. कालपर्यंत वाचणारा माणूस एका महिन्यात निरक्षर झाला, खप कोसळला, आणि सरकारी मदतीवर तगण्याची सवय तिथेच लागली. केमाल पाशांच्या सुधारणांचे आपल्याकडे त्या काळी फार कौतुक झाले, त्यातले पुष्कळसे रास्तही होते. पण १८८१ च्या ‘केसरी’चा पहिला अंक आज सांगलीतला कोणताही विद्यार्थी उघडून वाचू शकतो. त्याच काळातले तुर्की वर्तमानपत्र वाचायला इस्तंबूलच्या विद्यार्थ्याला वेगळे शिक्षण घ्यावे लागते. आपल्या हाती असलेल्या या ठेव्याची किंमत आपल्याला कळलेली नाही.

*

आजच्या तुर्कस्तानात दारात सेन्सॉर अधिकारी उभा नसतो. त्याची गरज उरलेली नाही. वृत्तपत्र कसे वश करावे याचा एक नवा मार्ग तिथे घडला आहे. तो पायरीपायरीने समजून घेतला पाहिजे, कारण त्यातली एकही पायरी केवळ तुर्की नाही.

पहिली पायरी मालकाची. ‘हुर्रियेत’ आणि ‘मिल्लियेत’ ही मोठी दैनिके दोआन उद्योगसमूहाकडे होती. २००९ मध्ये या समूहावर सुमारे अडीच अब्ज डॉलरचा करदंड बसला. २०११ मध्ये ‘मिल्लियेत’ विकले गेले, २०१८ मध्ये ‘हुर्रियेत’ आणि ‘सीएनएन तुर्क’ सरकारच्या जवळच्या देमिरओरेन समूहाकडे गेले. बांधकाम, वीज, गॅस यांची सरकारी कंत्राटे ज्याला हवीत त्याच्या हाती वृत्तपत्र आले, की संपादकाला कुणी धमकावावे लागत नाही.

दुसरी पायरी जाहिरातीची. तुर्कस्तानात सरकारी आणि न्यायालयीन जाहिराती एका सरकारी संस्थेमार्फत वाटल्या जातात. ‘जुम्हुरियेत’, ‘बिरगुन’, ‘एव्हरेन्सेल’ यांसारख्या टीकाकार पत्रांच्या जाहिराती दंड म्हणून वारंवार थांबवल्या गेल्या. २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानेच हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा भंग असल्याचा निवाडा दिला. तिसरी पायरी कायद्याची: ऑक्टोबर २०२२ पासून ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. खोटे काय, हे ठरवणार कोण, हा प्रश्न तिथेच लोंबकळतो.

या पायऱ्या चढून गेल्यावर काय दिसते, हे २०१३ च्या जूनने दाखवले. इस्तंबूलच्या गेझी बागेच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर होते, अश्रुधूर सुटत होता, परदेशी वाहिन्या ते थेट दाखवत होत्या, आणि ‘सीएनएन तुर्क’वर पेंग्विन पक्ष्यांवरचा माहितीपट चालू होता. पेंग्विन हे तेव्हापासून तिथल्या मूक माध्यमांचे चिन्ह झाले. त्याच आठवड्यात, ७ जूनला, सात दैनिके एकाच मथळ्याने निघाली. लोकशाहीच्या मागण्यांसाठी आपण जीव ओवाळून टाकू, अशा अर्थाचे ते तेव्हा पंतप्रधान असलेल्या एर्दोआन यांचे वाक्य होते. सात छापखाने, सात संपादक, सात नावे, आणि एकच वाक्य. लोकशाहीवरचेच.

आणि या मौनाचा परदेशाशी काय संबंध, याचे उत्तर मे २०१५ मधल्या एका बातमीत आहे. सीरियाकडे जाणाऱ्या गुप्तचर संस्थेच्या ट्रकांमध्ये शस्त्रे असल्याची छायाचित्रे ‘जुम्हुरियेत’ने छापली. बातमी परराष्ट्रनीतीची, पण शिक्षा झाली ती घरात. संपादक जान द्युंदार आणि त्यांचे अंकाऱ्यातील सहकारी एर्देम ग्युल यांना नोव्हेंबरमध्ये अटक झाली. घटना न्यायालयाच्या निर्णयामुळे ते ९२ दिवसांनी सुटले. ६ मे २०१६ रोजी न्यायालयाबाहेर द्युंदार यांच्यावर एकाने गोळ्या झाडल्या, ते वाचले, आणि त्याच दिवशी गुपित फोडल्याबद्दल त्यांना पाच वर्षे दहा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली. पुढे त्यांनी जर्मनीत आसरा घेतला. त्या शिक्षेनंतर दोनच महिन्यांनी, १५ जुलैला, लष्करी बंडाचा प्रयत्न फसला. ते बंड लोकशाहीविरुद्धच होते, पण त्यानंतर आणीबाणीच्या हुकमांनी शंभराहून अधिक माध्यमसंस्थांना कुलूप लागले.

ज्या देशात आपल्या सीमेपलीकडे काय चालले आहे हे सांगणे गुन्हा ठरतो, तिथल्या वाचकाच्या हाती परराष्ट्रनीती म्हणून उरतात केवळ घोषणा. मग भारत काय, पाकिस्तान काय, काश्मीर काय, त्याला जे सांगितले जाईल ते तो मानतो. २०२५ मध्ये तुर्की पडद्यावरून जे बोलले गेले त्याने आपल्याला राग आला. ते बोलणाऱ्यांपैकी किती जणांना दुसरे काही बोलण्याची मुभा होती, हे आपण विचारले नाही.

*

आता दोरीचे दुसरे टोक. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या २०२५ च्या सूचीत १८० देशांमध्ये तुर्कस्तान १५९ वा आहे. भारत १५१ वा. या सूचीच्या पद्धतीवर वाद घालता येईल, घालावाही. पण आठ पायऱ्या वर उभे राहून खालच्याला उपदेश करण्याइतके अंतर काही हे नाही.

जिल्हा दैनिकाचे अर्थकारण सांगलीत राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. अंकाची किंमत छपाईच्या कागदालाही पुरत नाही. पैसा येतो तो निविदा सूचनांतून, पतसंस्था आणि बँकांच्या ताळेबंदांतून, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेच्या नोटिशीतून, आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीतून. तालुक्याच्या वार्ताहराने बातमीही आणायची आणि जाहिरातही. सकाळी ज्याच्याकडे वाढदिवसाची जाहिरात मागायला गेलो, त्याच्या कारखान्याने उसाची बिले थकवली ही बातमी संध्याकाळी लिहायची कशी? हा प्रश्न वार्ताहराच्या नीतीचा नाही, तो त्याच्या घरच्या चुलीचा आहे. अशा स्थितीतही सातबारा, पाणी, ऊसदर यांवर नेटाने लिहिणारी माणसे या जिल्ह्यात आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण कुणाच्या एकट्याच्या धैर्यावर जिल्ह्याचे डोळे उघडे राहत नाहीत.

ते मिटले की काय होते, हे पाण्याने दाखवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली. पूररेषेच्या आत बांधकामे कशी उभी राहिली, हा प्रश्न पुराच्या आधी वर्षानुवर्षे पहिल्या पानावर असायला हवा होता. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. तिथे २०१८ मध्ये बेकायदा बांधकामांना सरसकट माफी दिली गेली होती, आणि भूकंपानंतर दोनच दिवसांनी, लोक ढिगाऱ्याखालून मदत मागत असताना, ट्विटरवर काही तास निर्बंध आले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणारी पिढी अजून साताऱ्यात आहे. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’खाली पथके पाठवली तेव्हा त्या पिढीला त्या ढिगाऱ्यांचे वेगळे भाषांतर करून सांगावे लागले नाही.

आणि परक्याच्या बातमीचे म्हणाल, तर सांगलीला परका शोधायला इस्तंबूलपर्यंत जावे लागत नाही. कर्नाटकाला कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची आहे. आम्हाला त्यात आमच्या पुराची भीती दिसते, विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याला त्यात त्याच्या रानाचे पाणी दिसते. जतच्या सीमेवरची गावे कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात, आणि २०२२ च्या अखेरीस त्याच गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितला तेव्हा दोन्ही बाजूंच्या मथळ्यांनी रान पेटवले. कन्नड दैनिकात त्या दिवशी काय छापून आले, हे सांगणारी मराठी दैनिके किती होती? कृष्णेचे पाणी दोन भाषांतून वाहते. आपण ते एकाच भाषेत वाचतो.

*

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. जिल्ह्यातल्या एखाद्या दैनिकाने आठवड्यातून एक पान शेजाऱ्यांसाठी ठेवावे: बेळगाव-विजापूरच्या कन्नड पत्रांत आपल्याविषयी काय आले, ते भाषांतर करून. दोन्ही भाषा जाणणारी माणसे जतमध्ये, मिरजेत घरोघरी आहेत. आज मोबाईलवरच्या यंत्रभाषांतराने तुर्की पत्रांतला मजकूरही कळण्याइतपत वाचता येतो. त्यांतली सरकारधार्जिणी कोणती आणि किंमत मोजून लिहिणारी कोणती, हे ओळखायला शिकवणारा एक तास आपल्या महाविद्यालयांत व्हावा. आणि वाचकाने अंकाची खरी किंमत द्यावी. दहा रुपयांचा चहा आपण कुरकुर न करता पितो. बातमी मात्र आपल्याला जवळजवळ फुकट हवी असते, आणि मग तिची किंमत दुसरा कुणी भरतो. जो भरतो, मथळा त्याचा.

हे सारे मला पेपरवाल्यांना उपदेश म्हणून सांगायचे नाही. वाचक म्हणून माझे स्वतःचे कर्तव्य काय, हे शोधताना मी इथवर आलो. तासगावचा शेतकरी मनिसाच्या हिमदवाची बातमी बारकाईने वाचतो, कारण त्याला ठाऊक आहे की तिकडच्या वेलाला जे झाले त्याचा परिणाम आपल्या मांडवापर्यंत येतो. बातमीचे चुकीचे वाचन त्याला परवडत नाही. अपशिंग्यातल्या त्या घरांनाही युद्धाची खरी बातमी हवी होती, गोड केलेली नव्हे. तेवढ्याच गरजेने, तेवढ्याच नेमकेपणाने आपण तुर्कस्तान वाचला पाहिजे, अलमट्टी वाचली पाहिजे, आणि आपल्या कारखान्याचा ताळेबंदही. खाडिलकरांपाशी नकाशा होता, तारांतली विसंगती हेरण्याची सवय होती, आणि जप्तीची भीती असतानाही वाचकाला मोठा माणूस समजून लिहिण्याचा आग्रह होता. त्यांच्या गावात राहून निदान वाचकाने तरी आपली बाजू सांभाळावी.